पाण्याचं वजन

पाळी बदलायच्या वेळेला साहेबांनी दोघी जावांचे कालचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि धाकटीकडे बघून म्हणाले, "तुमच्या कोळंब्या कशा भरलेल्या! तेवढ्याच लांबीच्या यांच्या मात्र रोडावलेल्या."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतरा वर्षं ती मत्स्य खात्याच्या या खोलीत कोळंबी मोजत होती. डोळ्याच्या खोबणीपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत लांबी, मग काट्यावर वजन. चार महिन्यांपूर्वी धाकटीला इथे तिनेच चिकटवलं होतं. घरी सासूला धाकटीच्या हातचाच चहा लागायचा. आता इथेही तिचंच कौतुक!

"बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा," साहेब थोरलीला म्हणाले.

चष्म्याचा काही दोष नव्हता. वजनाआधी प्रत्येक कोळंबी टिपकागदावर टिपून घ्यायची असते, नाहीतर कवचाखालचं पाणीही वजनात धरलं जातं. सकाळच्या पाळीत थोरली टिपायची. दुपारच्या पाळीत धाकटी ओली कोळंबी तशीच काट्यावर टाकायची, कारण तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पडेल एक दिवस तोंडघशी, असं म्हणत थोरली त्या दिवसाची वाट बघत होती.

"मग हे दुपारचे आकडे धरतो," साहेब म्हणाले. "कोळंबी चांगली पोसली आहे. सोमवारपासून मासेमारीची बंदी उठवा, असं वर कळवतो."

थोरलीने आपल्या तक्त्याकडे बघितलं. कोळंबी अजून पोसायची होती. आत्ताच जाळी पडली, तर पुढच्या वर्षी मोजायला तरी काय उरणार?

"साहेब, तपासलं म्हणून ताईंची सही घ्या," धाकटी म्हणाली. "मला सगळं त्यांनीच शिकवलंय."

साहेबांनी पेन पुढे केलं. थोरलीने ते घेतलं नाही. ती धाकटीच्या टेबलापाशी गेली, तिने नुकतीच काट्यावर टाकलेली कोळंबी उचलून टिपकागदावर दोन्ही बाजूंनी दाबली आणि परत ठेवली. आकडा उतरला. साहेबांचा चेहराही उतरला.

धाकटीने कपाळावर हात मारला. मग हसून थोरलीचा दंड धरला.

"काय हो ताई! एवढं सांगायचं विसरलात?"

थोरलीने ओला कागद मुठीत चुरगळला.

"विसरले नव्हते," ती म्हणाली.