कॅप्टनचा कोट

मेळावा भरवणाऱ्या सिद्धेशने स्वतः मालनच्या हातांत पांढरे हातमोजे चढवले आणि काचेची पेटी उघडली. भोवती शंभरएक माणसं मोबाइल उंच धरून उभी होती. त्यातली निम्मी चंदेरी कपड्यांत होती.

"मंडळी," तो माइकवर म्हणाला, "ज्या 'यान सत्रह'साठी आपण रविवारी सकाळी अंघोळ न करता टीव्हीसमोर बसायचो, त्यातल्या कॅप्टनचा कोट शिवणाऱ्या मालनकाकू आज आपल्यात आहेत. चारकोपहून, तिकीट काढून आल्यात!"

टाळ्या पडल्या. रेवतीने बासष्टाव्या वर्षी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. कुंदा मात्र दोन पावलं मागे सरकली.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी या तिघी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मालिकांचे कपडे शिवायच्या. 'यान सत्रह'मधल्या सगळ्या अंतराळवीरांचे गणवेश त्यांच्या हातून गेले. कॅप्टनचा कोट एकट्या मालनचा. त्याचं रेक्झिन मशीनखाली चिरायचं, म्हणून अस्तर तिने हातानेच लावलं होतं. सुया मोडल्या, अंगठ्याची सालं निघाली. मालिका लागली की ती शेजारणींना बोलवायची आणि म्हणायची, "ती कॉलर बघा, माझी." शेवटी नावं सरकू लागली की तिचा नवरा गुणाजी हसत विचारायचा, "आणि तुझा नाव खंय आसा?"

अजूनही विचारायचा.

त्यामुळे अंधेरीच्या हॉलमध्ये चाहत्यांचा मेळावा आहे आणि तिथे कॅप्टनचा मूळ कोट ठेवणार आहेत, हे रेवतीच्या मुलीकडून कळल्यावर मालनला दम निघेना. कुंदाला यायचं नव्हतं. आधी म्हणाली गुडघा दुखतोय, मग म्हणाली पाहुणे यायचेत. रेवतीने तिला जवळजवळ ओढूनच रिक्षात घातलं.

सिद्धेशने कोट मालनच्या हातांवर ठेवला. तिला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. तिने एक हातमोजा काढला, कडेचं अस्तर उलटलं आणि त्यावरून बोट फिरवलं.

मालन डावखुरी होती. तिचे टाके इतरांच्या उलट बाजूला कलायचे. गाळ्यातले मास्तर त्यावरून तिला रोज बोलायचे. या कोटाचे टाके सरळ होते. बारीक, एकसारखे, आणि दर चौथ्या टाक्याला एक गाठ. अशी गाठ मारणारी बाई तिला एकच माहीत होती.

तिने मान वर केली. कुंदा शेजारी येऊन उभी होती. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"मालन, नको गं," ती पुटपुटली. "गेल्या वर्षी एक माणूस आला होता. तसाच एक कोट शिवून दे म्हणाला. मी दिला. मग तोच मूळ आहे म्हणून कागदावर माझी सही घेतली त्याने. तू बोललीस तर माझी वाट लागेल."

"मला सांगितलंसुद्धा नाहीस?"

"तू शिवू दिला नसतास."

"काकू?" सिद्धेशने माइक पुढे केला. त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "हाच ना तो?"

मालनने कुंदाकडे पाहिलं. तिला कावीळ झाली होती तेव्हा दोन महिने तिच्या वाटणीचं काम कुंदाने केलं होतं, मास्तरांना पत्ता लागू न देता. म्हणून मालनची नोकरी राहिली. कुंदाने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आत्ताही दाखवत नव्हती. नुसती ओठ चावत उभी होती.

"हाच," मालन माइकमध्ये म्हणाली. "माझ्याच हातचा."

हॉल दणाणला. चंदेरी कपड्यांतली पोरं पाया पडायला आली. सिद्धेशने एका जाड कार्डावर मार्करने लिहिलं, 'शिवणारी : मालन गुणाजी राऊळ', आणि ते कोटाशेजारी पेटीत ठेवलं. रेवतीने त्याचा फोटो लगेच गुणाजीला पाठवला. कुंदाने मालनचा हात घट्ट धरला. मालनने तो सोडवून घेतला.

गर्दी पांगल्यावर सिद्धेश तिच्याजवळ आला.

"बरं झालं, काकू, तुम्ही आलात. मला जरा धाकधूक होती. गेल्या महिन्यात कुर्ल्याचे एक गृहस्थ असाच कोट घेऊन आले होते. वडील त्या मालिकेच्या युनिटमध्ये होते, त्यांनी जपून ठेवला होता म्हणे. शपथा घेत होते, हाच खरा म्हणून. आमच्या कोटाबरोबर गाळ्यातल्या बाईच्या सहीचा कागद होता, त्यांच्याकडे काहीच नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. त्यांच्या कोटाचे आतले टाके सगळे उलटे! चिडून तो कोट आमच्याकडेच टाकून गेले बिचारे."

मालन एक पाऊल पुढे आली. "मग? आता कुठे आहे तो?"

"तो काय, फोटो काउंटरवर," त्याने हात केला. "पाठीतून उभा कापून वेल्क्रो लावलाय. आता कुणालाही बसतो."

मालन तिकडे चालू लागली. मागून कुंदाने हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.

फोटोसाठी रांग होती. ती रांगेत उभी राहिली. पुढचा आडदांड माणूस कोटात शिरला, हात वर करून हसला, तेव्हा काखेत टर्रकन उसवलं. तो "सॉरी, सॉरी" म्हणत बाजूला झाला.

मालनचा नंबर आला. तिने कोट हातात घेतला. अस्तर उलटलं. उसवलेल्या जागेवर अंगठा दाबून ती तशीच उभी राहिली.

"बिनधास्त घाला, आजी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "डुप्लिकेट आहे."