बठ्ठा नावाचा माणूस

घशाच्या ऑपरेशननंतर सुनंदाबाईंचा आवाज गेला होता, आणि आज एरंडोलला नातीची, भाविकाची हळद होती. त्यांनी पूर्वी गायलेली हळदीची गाणी जळगावच्या एका कॉलेजने रेकॉर्ड करून आपल्या सर्व्हरवर ठेवली होती. मांडवात त्यांच्या यजमानांनी, रतिलालनानांनी मोबाइलवर कॉलेजचं पान उघडलं, तर ‘परवानगी नाही’. त्यांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या अलफियाला फोन लावला. ती नुकतीच सांगलीहून आलेली. “नाना, यादीत नाव असेल त्यालाच गाणी ऐकता येतात. कोणाकोणाला ऐकू द्यायचं, विचारलं तर तुम्ही एकच नाव सांगितलंत.” “कोणतं?” “बठ्ठा. त्यांचं खातं उघडून महिना झाला, पण ते पासवर्ड न्यायला आलेच नाहीत. आडनाव काय त्यांचं?” “लिही, खान्देशकर!” नानांना हसू आवरेना. “अगं बेटा, आमच्याकडे बठ्ठा म्हणजे सगळे!” “अरेच्चा! मग पासवर्डच काढून टाकते,” अलफियाही हसू लागली.

मिनिटभरात मोबाइलमधून सुनंदाबाईंचा खणखणीत आवाज मांडवभर झाला, आणि भाविकाने हळदीसाठी गाल पुढे केला. पण हळदीच्या गाण्यात नवरीचं नाव घेतात, आणि हे रेकॉर्डिंग दुसऱ्याच मुलीच्या हळदीचं होतं. गाण्यात ‘महानंदा’ ऐकू आलं, तशी सुनंदाबाईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या कडव्याला मांडवातल्या बायका सावध होत्या. नावाची जागा येताच सगळ्यांनी मोठ्याने ‘भाविका’ गाऊन महानंदाला पार बुडवून टाकलं. त्या नावावर सुनंदाबाईंचे ओठ सगळ्यांच्या आधी हलले.