पडवीतला डाव

कुशाबाने घोडा उचलला, अडीच घरं मोजली आणि ठेवला. समोर मालोजीचा राजा सरळसरळ माऱ्यात होता. आता फक्त एक शब्द म्हणायचा राहिला होता, आणि सगळं अडलं ते तिथंच.

"शह दिला तर तोंडाने सांगायचं. न सांगता दिलेला शह धरायचा नाही," असं हरी गुरुजींनी पहिल्या दिवसापासून बजावलं होतं. आणि हे दोघे सख्खे भाऊ एका छपराखाली राहून चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण एका बांधाचं. बांध तरी केवढा, जेमतेम हातभर रुंद.

गुरुजी त्यांच्या सामाईक पडवीत बिऱ्हाडाला होते. बुद्धिबळाचा पट गावात पहिल्यांदा आणला तो त्यांनीच. एका संध्याकाळी थोरल्याला, दुसऱ्या संध्याकाळी धाकट्याला, असं त्यांनी दोघांना शिकवलं. उंट काही त्या डोंगरात कुणी पाहिलेला नव्हता. शेतात शिरलेल्या रेड्यासारखा हा तिरका जातो म्हणून कुशाबाने त्याचं नाव रेडा ठेवलं. दोन दिवसांनी मालोजीही, कुणी न सांगता, त्याला रेडाच म्हणाला. गुरुजींना हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

आता गुरुजींची बदली झाली होती. उद्या सकाळच्या एसटीने ते महाडला निघणार होते. भावाभावांचे सगळे निरोप आजवर त्यांच्याच तोंडून जात. उद्यापासून हे दोघे कुणाच्या तोंडाने बोलणार होते, देव जाणे! म्हणून त्यांनी आज दोघांना हाताला धरून एकाच पटावर समोरासमोर बसवलं.

डाव सुरू झाला तोही गुरुजींमार्फतच.

"गुरुजी, त्याला सांगा, प्यादं मागं येत नाय."

"त्याला सांगा, मला ठाव हाय."

डाव रंगात आला तसे गुरुजी तांब्या उचलून परसाकडला म्हणून ओढ्याच्या बाजूला गेले. तांब्यात पाणी नव्हतं, पण खेळाच्या नादात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

घोडा ठेवून कुशाबाने ओढ्याच्या वाटेकडे पाहिलं. गुरुजींचा पत्ता नव्हता. मग त्याने आत बायकोला हाक मारली, "अगो, जरा त्याला सांग..."

"माझं हात पिठात हायत," ठकूबाई आतूनच म्हणाली. तिला सगळं कळत होतं.

शह सांगितलेलाच नाही, तेव्हा दुसरं मोहरं हलवून मालोजी खुशाल मोकळा झाला असता. पण त्याने हात मांडीवरून काढलेच नाहीत. त्याला तो शब्द ऐकायचा होता. हरायची वेळ आली तरी ऐकायचा होता.

कुशाबा खाकरला. पटावर नजर ठेवून म्हणाला, "शह."

मालोजीने मान वर केली. "कुनाला?"

कुशाबा चिडलाच. पण चिडून बघायला गेला तर धाकट्याचे डोळे भरलेले.

"तुला रे, मालू," तो म्हणाला. "तुझ्याबिगर हाय कोन मला हितं?"