कोरडी टाकी

शलाकाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली प्रवाळं पांढरी पडू लागली, तेव्हा हौशी मंडळींच्या ग्रुपवर प्रत्येकाने वेगळं औषध सांगितलं. वसईच्या परेरा अंकलनी मात्र एवढंच विचारलं, "पाण्याचा खारटपणा मोजलास का?"

तो वाढलेला निघाला. तिने गोडं पाणी घालत तो हळूहळू उतरवला, तशी प्रवाळं सावरली.

आभार मानायला ती प्रवाळाची एक फांदी पाण्याच्या पिशवीत घेऊन वसईला गेली. अंकलच्या घरातली टाकी कोरडी होती.

"माझी सगळी मेली," ते म्हणाले. "घाबरून सगळ्यांची औषधं एकदम ओतली होती."

पिशवी उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले. "टाकी भरून पाणी प्रवाळाला मानवेल असं तयार करायला मला महिना लागेल."

"तोवर माझ्याकडे वाढू दे," शलाका म्हणाली.