आठपैकी आठ

आठपैकी आठ हात वर होते. महाबळेश्वर सरांनी पुन्हा एकदा मोजले आणि आकडा लिहिला. वहीतल्या फॉर्मवर ‘उपस्थित मुले’ आणि ‘वर आलेले हात’ असे दोनच रकाने होते. पहिल्या बुधवारी तीन हात, गेल्या बुधवारी पाच. आज सगळे.

फळ्यापाशी शिक्षिका रक्षा उभी होती. बांबूच्या काड्यांची जुडी सोडून तिनं विचारलं, पंधरातून सहा गेल्या तर किती? आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. आणि ती गप्प राहिली. पूर्वी ती मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तर स्वतःच सांगून टाकायची. थांबायला सरांनी सांगितलं होतं. ती थांबली, आणि मागच्या रांगेतला प्रज्योत हळूच म्हणाला, “नऊ.”

सरांच्या शेजारी कविता मॅडम बसल्या होत्या. त्यांचं लक्ष वर्गाकडं नव्हतं, सरांकडं होतं. मुख्याध्यापकांना वर्ग बघायला शिकवणं हे त्यांचं काम. सरांच्या मोठ्या शाळेला रानातल्या वाडीवरची ही एकशिक्षकी शाळा जोडून दिलेली होती. दर बुधवारी दोघं इथं यायचे. मॅडमचं सांगणं साधं होतं: “दोष शोधू नका, सर. मुलं काय करतात ते बघा. आणि बाईंना एकच गोष्ट सांगा, उद्या त्यांना करता येईल अशी.”

एकतीस वर्षं सरांनी दोषच लिहिले होते. लाल शाईत, नंबर घालून. तोंडावर बोलायचा धीर नव्हता, म्हणून लिहायचे आणि निघून जायचे. त्यानं एक तरी शिक्षक सुधारला असं त्यांना आठवत नव्हतं. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्याआधी एका बाईला तरी आपला उपयोग व्हावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तास संपल्यावर पडवीत ते रक्षाच्या समोर न बसता शेजारी बसले. हेही नवीनच शिकलेलं.

“आज तुम्ही पाच मोजेपर्यंत थांबलात. म्हणून प्रज्योत बोलला. गेल्या दोन्ही वेळा तो गप्प होता.”

रक्षा जमिनीकडं बघत राहिली.

“आता माझं सांगा. माझ्या येण्याची काही अडचण होते?”

हा प्रश्न मॅडमनी शिकवलेला नव्हता. सरांनी तो दोन रात्री मनात घोळवला होता. रक्षानं मान वर केली. ओठ उघडले. मग मॅडमच्या मांडीवर ठेवलेल्या सरांच्या वहीकडं तिची नजर गेली.

“न्हाई सर. तुम्ही लई चांगलं सांगता.” तिचे डोळे भरले.

सरांनाही भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

“जमलं की सर तुम्हाला!” निघताना मॅडम म्हणाल्या. “आता मीच येते तुमच्याकडं शिकायला.” दर वेळी त्या सरांना स्कूटरवर मागं बसवून हमरस्त्यापर्यंत सोडायच्या. आज त्यांना अणशीला जायची घाई होती. त्या एकट्याच गेल्या.

“रस्त्यानंच जावा सर,” रक्षा म्हणाली. “शेताकडनं नको. गवे उतरतात.”

भर दुपारी गवे? सर मनाशी हसले. बसला थोडाच वेळ होता आणि शेतातली वाट जवळची होती. शाळा नजरेआड झाल्यावर ते कापलेल्या भाताच्या खुंटांमधून चालू लागले. पावलं कधी नव्हे ती हलकी पडत होती.

शेताच्या टोकाला एक घर होतं. त्याच्या गोठ्यात, गवताच्या भाऱ्यांआड पाच मुलं बसली होती. अंगात गणवेश, केस तेल लावून विंचरलेले, पाठीला दप्तरं. पुढ्यात एक म्हातारी सुपात कुळीथ पाखडत होती.

“आजी, ही मुलं इथं कशी? शाळेला सुट्टी हाय?”

“सुट्टी कुठली? आज बुधवार. वहीवालं सर येत्यात.” म्हातारीनं त्यांना वाट चुकलेला कुणी पाहुणा समजलं असावं. “ही पाच जरा कच्ची. ह्यांचं चुकलं की सर बाईच्या नावावर लिवणार. चार वर्सांमागं असंच एका सरानं लिवलं, बारातल्या पाच पोरांस्नी वजाबाकी येत न्हाई म्हणून. जूनात तवाची बाई परत आलीच न्हाई. सा म्हैनं साळंला कुलूप. ह्या रानात दुसरं कोण येतंय, बाबा? म्हणून आमीच ठरवलंय, दर बुधवारी ह्यांस्नी हितं ठेवायचं. ही बाई नको नको म्हणत हुती, रडली बी. आमी ऐकलं न्हाई.”

सरांना ती ओळ आठवली. तेव्हा ते इथं एकाच दिवसाच्या तपासणीला आले होते. पहिला नंबर घालून त्यांनीच लिहिली होती. त्या बाईचं नाव मात्र आठवेना.

‘मीच तो’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात पाचांतली सगळ्यांत लहान पोरगी उठून उभी राहिली.

“पुतळे, बस खाली,” म्हातारी म्हणाली.

ती बसली नाही. दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ती सरांसमोर आली.

“मामा, स्कूटरवाली बाई आज एकलीच गेली. वहीवालं सर कवा जाणार? ते गेलं की मग आमची साळा.”