एकाच दोराचे दोन डबे

“हा रोपवे की केबल कार हो?” डबा सुटताच एका आजोबांनी विचारलं.

“पाटीवर रोपवे, तिकिटावर केबल कार. आमची ही पाळणा म्हणते,” कंडक्टर म्हणाला.

“आणि ते गोंडोला?”

“ते निराळं. त्याचे डबे रहाटगाडग्यासारखे गोल फिरत राहतात. आमचे दोनच, एकाच दोराला बांधलेले. तो चढतो तेव्हा हा उतरतो. जन्मात एका फलाटावर यायचे नाहीत. मधे काय ते तोंड दिसतं.”

ती खिडकीशी उभी होती. वरच्या इस्पितळात रात्रपाळी करून याच डब्याने रोज उतरायची. हातांना अजून फिनेलचा वास येत होता.

“ताई, आज चेहरा उतरलाय तुमचा,” कंडक्टर तिला म्हणाला.

“काल संध्याकाळी कामावर येताना समोरच्या डब्यात पोरीचे गाल लाल दिसत होते. काचेला डोकं टेकून बसली होती. ताप असणार.”

“मग घरी फोन करायचा.”

“रात्रीचं कशाला कुणाला उठवायचं?”

“दिवसपाळी घ्या, असं मी कधीचा म्हणतोय. पोरीला स्वतः वरच्या शाळेत सोडाल.”

“नाही जमत.”

मेट्रनने दोनदा दिवसपाळी देऊ केली होती. दोन्ही वेळा ती नको म्हणाली होती.

“पोरीला शाळेत नेणारी ती सोबतची बाई तरी नीट बघते ना तिला?”

“बघते. माझ्यापेक्षा चांगली.”

तान्ही असताना ही पोर रडून रडून निळी व्हायची, आणि ती कानावर उशी दाबून भिंतीकडे तोंड करून पडायची. ते आठवलं की आजही तिला स्वतःची शिसारी यायची.

खालून दुसरा डबा वर येऊ लागला. खिडकीत लाल टोपी दिसली. डोकं आजही काचेला टेकलेलं.

“दादा, जरा थांबवता?”

“काहीतरीच काय, ताई. हा थांबला की तोही थांबतो. शिवाय माझी नोकरी जाईल ती वेगळीच.”

तो आजोबांना खालचं धरण दाखवायला वळला. डबे अगदी शेजारी आले. तिने हात लांब करून डबा थांबवायचं लाल बटण दाबलं.

हिसका बसून डबा झुलू लागला. आजोबांची काठी घरंगळत गेली. मागे कुणीतरी मुसमुसायला लागलं. कंडक्टर वाकून काठी उचलायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आपण काय करून बसलो हे तिला कळत होतं. तरी तिने खिडकीची काच सरकवली. काय झालं ते बघायला समोर पोरीशेजारच्या बाईनेही काच सरकवली.

“बाळा, ताप उतरला का गं?”

लाल टोपी वर झाली. “हो, रात्रीच उतरला.”

मग शेजारच्या बाईची बाही ओढत पोरीने विचारलं, “आई, माझा ताप या काकूंना कसा कळला?”