अडवून धरलेलं पॅकेज

"ते पॅकेज काढ म्हनते ना मी!" नमिताने टेबलावर हात आपटला.

"नाय काढणार," रूपेश नजर वर न करता म्हणाला. "तुमी टायपिंग करा, ताई. कॉम्प्युटर माझ्यावर सोडा."

करंजाड्यातल्या त्या टायपिंगच्या ऑफिसात नऊ कॉम्प्युटर होते. सगळ्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम, कारण मालक उदयसिंहांना फुकटचं गोड लागायचं. ते सांभाळायला रूपेश. टायपिस्टांत सर्वांत जुनी नमिता, उरणहून येणारी. तिची बोटं टायपरायटरवर तयार झालेली. कॉम्प्युटरवर टायपरायटरचीच अक्षरमांडणी, म्हणजे तो जुना कीबोर्ड, निवडला की ती वाऱ्यासारखी सुटायची. नव्यावर एकेक अक्षर शोधताना तिला घाम फुटायचा.

आज तीन वाजता स्पीड टेस्ट होती. नापास होईल त्याने उद्यापासून यायचं नाही, असं मालकांनी बजावलं होतं. पण टेस्टचं सॉफ्टवेअर एकाही मशीनवर बसेना. दर वेळी तोच संदेश: मराठी कीबोर्डांचा नवा संच हवा, पण एका पॅकेजने जुना अडवून धरलाय. आणि ते पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा छोटा गठ्ठा, रूपेशने स्वतः बनवून नऊही मशीनवर टाकलेलं.

"टेस्ट बोंबलली की मालक सगळ्यांत जुनी म्हनून मलाच घालवतील, मंग नोकरी शोधनाऱ्या तुझ्या बहिनीला माझ्या खुर्चीत बसवशील. समजत नाय का मला?"

"अवो, घड्याळ लावून घ्या ना टेस्ट. सॉफ्टवेअर कशाला पायजे? त्या पॅकेजमध्ये तुमचंच..."

"माझं नाव घेऊ नकोस!"

दोन वर्षं ती राग गिळत होती. येता-जाता हा तिच्या कीबोर्डाला म्युझियम म्हणायचा आणि बाकीच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. आज तिच्या डोक्यात तिडीकच गेली. ती तडक केबिनमध्ये शिरली आणि होतं ते, शिवाय नव्हतं तेही, मालकांच्या कानावर घालून आली.

उदयसिंह तरातरा बाहेर आले. "काय रं, माझ्या हापिसात तुझी कुलपं? आत्ताच्या आत्ता काढायचं आन् चालू लागायचं!"

रूपेशचा चेहरा काळवंडला. त्याने नमिताच्या मशीनवर पासवर्ड मारून सगळ्या मशीनना एकदम हुकूम दिला. काय येणार, काय जाणार, याची लांबलचक इंग्रजी यादी पडद्यावर आली. खाली प्रश्न होता, पुढे जायचं का?

"घ्या, दाबा," तो उठत म्हणाला. "पण वाचून दाबा, ताई."

"मला शिकवू नकोस."

असल्या याद्या त्या ऑफिसात कोणी कधी वाचल्या होत्या? तिने होकार दाबला. रूपेश बॅग उचलून गेला, तेव्हा तिच्या पोटात अगदी थंडगार पडलं.

तीनला टेस्ट सुरू झाली. सवयीने कागदावर नजर ठेवून नमिता सुटली. दोन ओळी झाल्यावर तिने वर पाहिलं. पडद्यावर एक शब्द धड नव्हता.

तिने कीबोर्डांची यादी उघडली. तिचा कीबोर्ड त्यात नव्हता. आजूबाजूला आठ जणींची नव्या कीबोर्डावर खटखट चालू होती आणि वर घड्याळ उलटं पळत होतं. तिने काढून टाकलेल्या पॅकेजांची नोंद उघडली आणि रूपेशच्या पॅकेजवर क्लिक केलं. त्याने लिहिलेली माहिती मराठीत होती:

'नव्या संचात टायपरायटर कीबोर्ड नाही, म्हणून जुना धरून ठेवला आहे. काढू नका. नमिताताईंची नोकरी यावर आहे.'